विमानाचा वेळ आणि आपला वेळ

जुन्नरहून घोडेगावास जायचे तर रस्ता वळणे घेत जातो. कावळ्याला वळण लागत नाही. तो डोंगरावरून सरळ जातो. विमानाचेही बरेचसे तसेच आहे.

पुण्याचा विमानतळ लोहगावला आहे. नागपूरचा सोनेगावला आहे. या दोहोंमधले सरळ अंतर सुमारे 600 किलोमीटर भरते. रस्त्याने तेच 700 च्या वर जाते.

आता हिशेब करू. विमान उंचावर तासाला सुमारे 800 किलोमीटर जाते. मग 600 किलोमीटरला किती वेळ? पाऊण तास. पण तिकिटावर सव्वा ते दीड तास लिहिलेला असतो. असे का? बैलगाडीसुद्धा उभी असताना एकदम पळत नाही. विमान आधी जमिनीवर हळू चालते. मग धावते, वर चढते, शेवटी सावकाश उतरते. त्यात वेळ जातो.

हा झाला विमानाचा वेळ. आपला वेळ निराळा. तो मी चुकलो, म्हणून सांगतो.

काही वर्षांमागे माझी धाकटी बहीण नागपुरात आजारी होती. दुपारी 4 वाजता तिचे ऑपरेशन होते. विमान सकाळी 10:30 चे. मी 7 वाजता जुन्नर सोडले. म्हटले, साडेतीन तास हाताशी आहेत, मग घाई कशाला? मंचर, राजगुरुनगर मागे पडले. चाकणला गाड्यांची रांग लागली. लोहगावला पोचलो तेव्हा 10 वाजले होते. विमान समोर उभे होते, पण खिडकी बंद झाली होती. मग एस.टी. धरली. दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो.

बहीण बरी झाली. पण म्हणाली, "दादा, मी दाराकडे बघत होते."

मंडळी, मी शाळेत जन्मभर गणित शिकवले. पण त्या दिवशी माझेच गणित चुकले. बरोबर हिशेब असा:

जुन्नर ते लोहगाव, सुमारे 90 किलोमीटर: 3 तास
सुटण्याआधी विमानतळावर: 2 तास
विमानात: दीड तास
उतरून सामान घेणे, गावात जाणे: 1 तास
एकूण: साडेसात तास

म्हणजे 10:30 च्या विमानासाठी पहाटे 5:30 ला घर सोडावे. सामान देण्याची खिडकी विमान सुटण्याआधी 45 मिनिटे ते 1 तास बंद होते. ती कोणासाठी थांबत नाही.

तिकिटावरचे घड्याळ 24 तासांचे असते. 13 किंवा जास्त आकडा दिसला, तर त्यातून 12 वजा करा. 15:20 म्हणजे दुपारचे 3:20. आणि एक जपा. 15 तारखेला 00:30 असे असेल, तर ती 14 तारखेची मध्यरात्र उलटून गेलेली वेळ. 14 च्या संध्याकाळीच निघा. 15 च्या रात्री गेलात तर विमान आधीच गेलेले असेल.

तुम्हाला आता वाचता येते. तिकीट दुसऱ्याकडून वाचून घेऊ नका. स्वतः वाचा आणि घरून निघायची वेळ त्यावरच लिहून ठेवा.

अभ्यास
1. विमान 13:40 ला सुटते. आपल्या घड्याळात किती वाजता?
2. मंचरहून लोहगावला 2 तास लागतात. विमानतळावर 2 तास आधी पोचायचे आहे. त्याच विमानासाठी घर केव्हा सोडाल?