रक्तातले प्रथिन लोहचुंबकाला कसे सापडते?

प्रश्न : आईचे रक्त थायरॉइडसाठी साकोलीत काढले, तपासायला नागपूरला गेले. लॅबवाला म्हणाला, मशीन चुंबकाने हार्मोन पकडते. रक्तात लोह असते म्हणून का?
– एक वाचक, साकोली

उत्तर : नाही. हिमोग्लोबिनमध्ये लोह आहे, पण अणू-अणू सुटे. खिळ्यासारखे ते चुंबकाकडे धावत नाही. आणि थायरॉइडच्या तपासणीत मोजतात त्या टीएसएच या हार्मोनमध्ये तर लोह नसतेच. तरी लॅबवाल्याने थट्टा केलेली नाही, अर्धे सांगितले एवढेच.

तुमच्याकडच्या राइस मिलमध्ये धान रबरी रोलरवर जाण्याआधी चुंबकावरून सोडतात. खिळे, तारेचे तुकडे अडकतात, धान पुढे जाते. इथे उलटे करायचे असते : हजार जातींच्या दाण्यांतून एकाच जातीचा दाणा अडवायचा. चुंबकाला दाण्याची जात कळत नाही, म्हणून ओळखणारा वेगळा ठेवतात आणि ओढणारा वेगळा.

ओढणारे म्हणजे मणी. व्यास साधारण १ ते ५ मायक्रोमीटर, तांबड्या पेशीहून लहान. आत मॅग्नेटाइटचे अतिसूक्ष्म कण, बाहेर प्लास्टिकसारखे आवरण. कण इतके बारीक, की चुंबक दूर नेला की त्यांचे चुंबकत्वही जाते; नाहीतर मण्यांचे गोळेच झाले असते. ओळखणारी असते मण्यावर बसवलेली अँटिबॉडी. ती टीएसएचलाच धरते.

नळीत हे मणी म्हणजे कोऱ्या चहासारखे गढूळ पाणी. बाजूला चुंबक लावला की थोड्याच वेळात तपकिरी पट्टा काचेला चिकटतो आणि पाणी नितळ होते. ते काढून टाकायचे, मणी धुवायचे. टीएसएचला धरणारी दुसरी, प्रकाश देणारी अँटिबॉडीही घातलेली असते. जितका उजेड, तितके टीएसएच.

तपासणीत मणी शेवटी फेकले जातात. संशोधकांना मात्र प्रथिन परत हवे असते. मग ते जनुकातच फेरफार करून प्रथिनाला हिस्टिडिन या अमिनो आम्लाच्या सहा कड्यांचे शेपूट जोडतात. त्यांच्या मण्यावर निकेल असते, शेपूट त्याला धरते. इमिडॅझोल हे रसायन ओतले की ते शेपटाची जागा बळकावते आणि प्रथिन सुटे होते. युक्ती सुरेख, पण मणी महाग. म्हणून औषध कारखान्यांत अजून मुख्यतः भरलेल्या स्तंभांतून प्रथिने गाळतात.

आता तुमच्या कामाचे. काही मशीनमध्ये अँटिबॉडी मण्याला बायोटिनच्या दुव्याने जोडतात. रक्तातच बायोटिन भरपूर असेल तर ते ती जागा अडवते आणि टीएसएच खोटेच कमी दिसते. आई केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असेल, तर पुढच्या वेळी रक्त काढण्याआधी डॉक्टरांना आणि लॅबला तसे सांगा.