‘मला उमजलेले बालगंधर्व’ : एका नावडत्या रेकॉर्डची बाजू

कुमार गंधर्वांच्या ‘मला उमजलेले बालगंधर्व’ या लाँगप्ले रेकॉर्डवरचा आक्षेप चार शब्दांत मावतो : हे बालगंधर्व नव्हेतच मुळी. मी तो प्रथम घरातच ऐकला. इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी काकांनी ती रेकॉर्ड आणली, तेव्हा आजोबांनी पहिले पद संपेपर्यंत दम धरला. मग उठून स्वतःच्या हाताने सुई उचलली आणि म्हणाले, “गाणं वाईट नाही. पण हे नारायणरावांचं नव्हे. मग त्यांचं नाव कशाला घ्यायचं?” काकांनी उत्तर दिले नाही. रेकॉर्ड कपाटात गेली आणि त्यांनी वेगळे बिऱ्हाड करीपर्यंत तिथेच राहिली. पुढे ग्वाल्हेरला आणि बडोद्याला नाट्यसंगीताच्या ज्या थोड्या शौकिनांकडे बसणे झाले, तिथेही सूर हाच होता. कुमारांच्या निर्गुणी भजनांवर जीव टाकणारी माणसे या रेकॉर्डपाशी आली की विषय बदलत.

आजोबांचा आक्षेप मला हलका वाटत नाही. महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मराठी घराला नाट्यपद ही नुसती करमणूक नव्हती. गणपतीत बसवलेले नाटक, मुलींना पेटीवर शिकवलेली दोन पदे, यांतून भाषा टिकत होती. जे जपायचे ते जसेच्या तसे जपायचे, ही सवय परमुलखात राहून लागते. मी “येऊन राहिलो” म्हणालो की आजी जेवणाचे ताट हातात ठेवून म्हणायची, “राहिलो नाही, येतो आहे.” जिथे क्रियापदालाही सूट नव्हती, तिथे बालगंधर्वांच्या पदाला कोण देणार?

पण आजोबा ज्याला मूळ म्हणत, ते मूळ कोणते, हे तपासायला हवे. ‘संगीत स्वयंवर’ 10 डिसेंबर 1916 रोजी गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. पदे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची, चाली भास्करबुवा बखल्यांच्या. बुवांनी बडोद्यात फैज महंमद खाँसाहेबांकडे शिक्षण घेतले, पुढे नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ यांची विद्या मिळवली. त्या साठ्यातल्या ख्यालांच्या चिजांवरून त्यांनी ‘स्वयंवरा’च्या चाली बांधल्या. म्हणजे ज्याला आपण मूळ पद म्हणतो, तेच मुळी आधीच्या गाण्याचे बुवांना लागलेले वळण आहे. त्यावर बालगंधर्वांनी रंगमंचावर वन्समोर घेत घेत ते फुलवले. जुन्या तबकडीच्या एका बाजूला मात्र जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. आजोबांनी बालगंधर्वांना रंगमंचावर एकदाच पाहिले होते, तेही उतारवयात. बाकीचे बालगंधर्व त्यांना तबकडीतूनच भेटले. रात्रभराच्या गाण्यातला हा एवढासा तुकडा त्यांच्या लेखी प्रमाण ठरला होता. आपणा सर्वांचेच असे होते, त्यांना एकट्याला दोष नाही.

आता कुमारांकडे यावे. 8 एप्रिल 1924 रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीला, कानडी घरात त्यांचा जन्म झाला. लहानपणी त्यांची कीर्ती होती ती नक्कल करण्याबद्दल. मोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून हा मुलगा त्या हुबेहूब गाऊन दाखवी, आणि त्या जोरावर मोठमोठ्या सभा जिंकी. मला वाटते, या रेकॉर्डचा विचार इथून सुरू व्हायला हवा. बालगंधर्व तंतोतंत उतरवायचे ठरवले असते, तर ते या माणसाला इतर कोणाहीपेक्षा सोपे होते. त्याने ते केले नाही. पुढे देवधरांकडचे शिक्षण झाले, क्षयाचे दुखणे आले, 1948 साली देवासला मुक्काम पडला. या साऱ्या काळात नक्कल मागे पडली आणि आपले गाणे आपणच शोधायचे, असा स्वभाव बनला.

रेकॉर्डचे नावही हेच सांगते. ते ‘समजलेले’ नाही, ‘उमजलेले’ आहे. आपण ‘समजून-उमजून’ असे जोडीने म्हणतो, म्हणून हे दोन शब्द एकच वाटतात. पण मास्तर मुलाला गणित समजावतो. ‘उमजावतो’ असे कोणी म्हणत नाही. समज बाहेरून देता येते, उमज ज्याची त्याला यावी लागते. शिवाय ‘मला’ हा शब्द पुढे ठेवून कुमारांनी मर्यादा घातली आहे : एवढेच, आणि माझ्यापुरते. ‘उमजलेले’ हे रूप इथे आदरार्थी आहे, ही लहान गोष्टही सुटू नये. ‘हे बालगंधर्व नव्हेत’ असे म्हणणाऱ्याला रेकॉर्डच्या वेष्टनावरच होकार दिलेला आहे.

प्रत्यक्ष ऐकताना ‘नाथ हा माझा’ घ्यावे. यमनातले, रुक्मिणीच्या तोंडचे पद. बालगंधर्वांची तबकडी आधी दोनदा ऐकावी. आवाज कुठे तुटत नाही, एका स्वरातून दुसऱ्यात घरंगळत जातो, बारीक मुरक्या सहज येऊन जातात, आणि तालाशी चाललेला लाडिक खेळ शब्दाला धक्का लावत नाही. मग कुमार लावावेत. स्वर मध्येच सोडलेला, नंतर शांतता, मग अचानक वर फेकलेला टिपेचा स्वर. कित्येक जण याचा हिशेब त्यांच्या फुफ्फुसाशी लावतात. तो अर्धाच हिशेब झाला, कारण श्वास कमी असलेला गवई कुठे थांबायचे हे तर स्वतःच ठरवतो. बालगंधर्वांच्या गाण्यात लयीशी जी लपंडाव खेळणारी चाल आहे, ती त्यांच्या गोडव्याखाली झाकली जाते. कुमार गोडवा बाजूला सारतात आणि ती लय उघडी करतात. मी हे ऐकून पुन्हा जुन्या तबकडीकडे गेलो, तेव्हा तिच्यातला तबला मला प्रथमच नीट ऐकू आला. ही रेकॉर्ड वाईट असती, तर तिने मला तबकडीकडे परत पाठवले नसते.

सगळेच जमले आहे, असे मात्र म्हणवत नाही. रुक्मिणी कुमारांच्या गाण्यात उरत नाही. शालू नेसून रंगमंचावर उभ्या असलेल्या त्या बाईचा संकोच, प्रेक्षकांकडे न पाहता त्यांच्याशी बोलणे, हे बालगंधर्वांच्या उच्चारात आहे आणि कुमारांच्या उच्चारात नाही. ‘नाथ’ हा शब्द कुमार विचार करून म्हणतात, तर बालगंधर्व तो लाजून म्हणतात. आजोबांना बहुधा हेच खटकले असावे. त्यांनी सुई उचलली तिथे रेकॉर्डवर ओरखडा उमटला. काकांनी ती मला दिली तेव्हा तो बोटाने दाखवला होता. तिथे गाणे अजूनही अडते, आणि तेवढ्या जागी सुई मला हातानेच पुढे करावी लागते.