एक कार्यविधी, अनेक कोष्टके

काशीत पंचगंगा घाटाजवळ मंगला गौरीचे मंदिर आहे. त्या परिसरात मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. पुण्यास १८२१ साली जन्मलेले बापूदेवशास्त्री १८४२पासून काशीच्याच संस्कृत कॉलेजात गणित-ज्योतिष शिकवीत. नाविक पंचांगाच्या आधारे त्यांनी पंचांगही सिद्ध केले. त्या पंचांगगणिताचा दृष्टांत येथे घेऊ.

वार सोडल्यास पंचांगाची उरलेली चार अंगे सूर्य व चंद्र यांच्या भोगांवरून निघतात. चंद्र सूर्यापुढे १२ अंश सरकला की एक तिथी संपते, ६ अंशांनी करण संपते. चंद्राचा स्वतःचा भोग १३ अंश २० कला वाढला की नक्षत्र बदलते, आणि दोहोंच्या भोगांची बेरीज तितकीच वाढली की योग बदलतो. मूळ गणित एकच, फळे मात्र चार.

समजा, हे गणित आपण संगणकाच्या माहितीकोशातच एका कार्यविधीच्या रूपाने साठविले. अशा कार्यविधीस ‘स्टोअर्ड प्रोसीजर’ म्हणतात. एकदा हाक दिली की ती चार अंगांची चार कोष्टके व ग्रहभोगांचे पाचवे, अशी पाच कोष्टके परत करते. एका चांद्रमासात तिथी ३० व करणे ६०; म्हणजे ओळींची संख्याही सारखी नसते.

छपाईचा आराखडा आखणारे साधन म्हणजे ‘रिपोर्ट डिझायनर’. आखणीच्या वेळी ते कार्यविधीस एवढेच विचारते, की तुझे स्तंभ कोणते? एस. क्यू. एल. सर्व्हर रिपोर्टिंग सर्व्हिसेस ह्या साधनात एका माहितीसंचास स्तंभांची एकच यादी असते. म्हणून ते पहिले कोष्टक घेते व उरलेली सोडून देते. तक्रार मात्र करीत नाही, आणि खरा धोका येथेच आहे. तिथी छापल्या जातात, नक्षत्रे गळतात.

चार अंगांच्या कोष्टकांत ‘नाव’ व ‘समाप्तिकाल’ हेच स्तंभ असल्याने ती एकाखाली एक जोडून ‘अंग’ हा तिसरा स्तंभ वाढविता येतो. आराखड्यात त्या स्तंभावरून निवड करावी. ग्रहभोगांचे कोष्टक निराळ्या घडणीचे आहे, ते ह्यात कोंबू नये. त्यासाठी कार्यविधीस ‘कोणते कोष्टक हवे’ असा प्रश्नांक द्यावा व आराखड्यात स्वतंत्र माहितीसंच ठेवावा. प्रत्येक हाकेस गणित पुन्हा होते, हा त्यातील तोटा. तो टाळावयाचा तर भोग आधीच काढून कायम कोष्टकात ठेवावेत.

तिसरा मार्ग असा, की आपल्या आज्ञावलीने पाचही कोष्टके एका ‘डेटासेट’मध्ये उतरवून आराखड्यास एकेक द्यावयाची. डॉट नेट प्रणालीत त्यांना ‘टेबल’, ‘टेबल १’, ‘टेबल २’ अशी नावे केवळ क्रमाने पडतात. पुढे कोणी कार्यविधीत कोष्टकांचा क्रम बदलला, तर स्तंभ तेच असल्याने आराखडा निमूटपणे तिथीच्या रकान्यात नक्षत्राची समाप्ती छापील, आणि एकादशीचा उपास करणारा भलत्याच घटकेस पारणे सोडील. म्हणून कोष्टके हाती येताच त्यांना आपण स्वतः नावे द्यावीत, आणि ‘अंग’ हा स्तंभ येथेही ठेवून छापण्यापूर्वी तो तपासावा.