कागदावरचा ठिपका

२०२३ सालच्या ऑगस्टमधली गोष्ट. आमच्या शाळेत नववीची घटक चाचणी झाली. विज्ञानाच्या पेपरात एक साधे उदाहरण होते : २ किलोग्रॅम वस्तुमानाचा दगड दर सेकंदास २५ मीटर वेगाने जात आहे, तर त्याची गतिज ऊर्जा किती? उत्तर अर्थातच ६२५ जूल. पण तपासताना सहा उत्तरपत्रिकांत ६.२५ जूल असे उत्तर निघाले. मी सरळ तांबडी रेघ मारून मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी एक मुलगी प्रश्नपत्रिका घेऊन आली. "सर, माझ्या पेपरात वेग २.५ दिला आहे." पाहतो तो खरेच! २ आणि ५ यांच्यामध्ये स्पष्ट दशांशचिन्ह होते. मूळ प्रत संगणकावर उघडून पाहिली, तर तिथे २५. बाकीच्या मुलांच्या कागदावरही २५ च. मग हा टिंब आला कुठून?

त्या मुलीने आणखी एक गोष्ट दाखवली. तिच्या कागदावर तसाच ठिपका वरच्या बाजूला एक आणि खाली दोन ठिकाणी होता, आणि सगळे एका उभ्या रेषेत. आम्ही फूटपट्टी लावली. प्रत्येक दोन ठिपक्यांत ७५ मिलिमीटर! इतर मुलांचे कागद मागवले. सगळ्यांवर ठिपके होते. डाव्या कडेपासूनचे अंतर सारखे, आपसांतले अंतर ७५ मिलिमीटर, पण पहिला ठिपका मात्र कुणाच्या कागदावर वर तर कुणाच्या खाली. बहुतेकांचे ठिपके कोऱ्या जागेत किंवा ओळींमध्ये पडले होते, म्हणून कुणाच्या ध्यानात आले नाहीत.

आता विचार करा. दोष मूळ मजकुरात असता, तर ठिपका प्रत्येक प्रतीवर अगदी त्याच जागी आला असता. ठराविक अंतराने पुन्हा पुन्हा उमटणारी खूण म्हणजे काहीतरी गोल फिरते आहे आणि दर फेऱ्याला एकदा कागदाला डाग लावते आहे. सायकलच्या टायरला चिखलाचा गोळा चिकटला, तर रस्त्यावर असेच ठसे उमटतात. दोन ठशांतले अंतर म्हणजे चाकाचा परीघ. ७५ ला ३.१४ ने भागले की व्यास येतो सुमारे २४ मिलिमीटर. प्रिंटर उघडून आतली पुडीची डबी, म्हणजे कार्ट्रिज, बाहेर काढली. तिच्यातल्या हिरवट निळ्या चकचकीत रुळाचा व्यास मोजला : २४ मिलिमीटर. त्यावर सुईच्या टोकाएवढा एक ओरखडाही सापडला. शाळेत काटकसर म्हणून पाठकोरे कागद वापरतात; त्यांतल्या एखाद्याला राहिलेल्या स्टेपलरच्या पिनेचा हा पराक्रम असावा.

पण ओरखड्यावर शाई का चिकटावी? या रुळाला ड्रम म्हणतात. त्याच्यावरचा थर अंधारात विद्युतरोधक असतो आणि प्रकाश पडला की त्या जागी विद्युतवाहक बनतो. प्रथम ड्रमला सगळीकडे ऋण विद्युतभार देतात. मग लेसरचा किरण जिथे अक्षर हवे तेवढ्याच जागेवर पडतो व तेथला भार निघून जातो. टोनर म्हणजे रंग मिसळलेली प्लॅस्टिकची बारीक पूड. तीही ऋणभारित असते. भारित जागा तिला दूर लोटते, भार गेलेल्या जागी ती चिकटते. तेथून कागदामागच्या धनभाराच्या ओढीने ती कागदावर येते आणि शेवटी सुमारे २०० अंश सेल्सियस तापलेल्या रुळाखाली वितळून पक्की होते. ओरखड्याच्या जागी थरच नाही, तेव्हा भार टिकत नाही. पुडीला वाटते, इथे टिंब काढायचा आहे!

(विद्युतभाराने पूड चिकटवण्याची ही युक्ती चेस्टर कार्लसन याने २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कमधील अस्टोरिया येथे साधली. गंधकाचा थर दिलेली जस्ताची पट्टी त्याने सुती रुमालाने घासून भारित केली होती.)

एकदा हा क्रम कळला की इतर दोषही वाचता येतात. अंतर ७५ ऐवजी ३८ मिलिमीटर भरले, तर १२ मिलिमीटर व्यासाचा दुसरा रूळ शोधावा. ठिपक्यांऐवजी पानभर अखंड पांढरी उभी रेघ असेल, तर दोष फिरणाऱ्या भागात नसून स्थिर भागात आहे. बहुधा लेसरच्या वाटेवरच्या काचेवर धूळ बसली आहे. अक्षरे बोटाने पुसली जात असतील, तर तापणारा रूळ पुरेसा तापत नाही. त्या रुळाला मात्र हात लावू नका. यंत्र बंद केल्यावरही तो बराच वेळ गरम असतो. ड्रमही उजेडात उघडा ठेवू नये. आणि पावसाळ्यात छपाई ठिकठिकाणी फिकी येऊ लागली, तर प्रिंटरला दोष देण्याआधी कागदाचे बंद पुडके उघडून पाहा. दमट कागदावरचा भार निसटतो, पूड नीट ओढली जात नाही, शिवाय पाने एकमेकांना चिकटून अडकतात.

दोष यंत्रात की संगणकात, हेच कळत नसेल तर? पुष्कळ प्रिंटर संगणकाची तार काढून ठेवली तरी स्वतःचे चाचणी पान छापतात. ते स्वच्छ आले की प्रिंटर सुटला. चोर अलीकडे आहे.

आपल्याकडचा नेहमीचा चोर म्हणजे मराठी टंक. कृतिदेवसारख्या जुन्या टंकात 'मराठी' हा शब्द १०१, १०६, १०७, ६६, १०४ या क्रमांकांनी साठवतात. हे क्रमांक खरे तर रोमन अक्षरांचे. तो टंक नसलेल्या दुकानातल्या संगणकावर फाइल उघडली की मराठीऐवजी रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो आणि तोच छापला जातो. युनिकोडमध्ये 'म'ला २३५० हा स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळे हा घोटाळा होत नाही. जुनी फाइलच असेल, तर टंक आत बसवून तिची पीडीएफ प्रत करून न्यावी.

आणि कागद बाहेरच येत नसेल, तर पुन्हा पुन्हा 'प्रिंट' दाबू नये. प्रत्येक आज्ञा संगणकात रांग लावून उभी राहते. पुढचे एक काम अडकले की मागची सगळी थांबतात आणि वाट मोकळी झाली की एकाच पानाच्या दहा प्रती बाहेर पडतात. अडकलेले काम त्या रांगेतूनच रद्द करावे लागते.

त्या सहा मुलांपैकी चौघांच्या कागदावर टिंब अगदी मोक्याच्या जागी सापडला. त्यांना पूर्ण गुण दिले. उरलेल्या दोघांच्या कागदावर मात्र २५ च होते. त्यांची चूक त्यांची.

करून पाहा : झेरॉक्सच्या दुकानातून डाग पडलेले रद्दी कागद मागून आणा. डागांमधले अंतर मिलिमीटरमध्ये मोजा, ३.१४ ने भागा आणि दुकानदाराला विचारून त्या व्यासाचा रूळ यंत्रात आहे का ते पाहा.