जुना चेंडू हाती घेणारा सांगलीकर

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेचा क्रिकेटसंघ एका सामन्यासाठी साताऱ्याहून सांगलीस गेला होता. संघात दोन नावाजलेले गोलंदाज होते व त्यांच्यावरच आम्ही विसंबून राहिलो. ते दमले, त्यांचा मारा ढिला पडला, तरी चेंडू त्यांच्याकडेच ठेव असे आम्ही कर्णधारास खुणेने सांगत होतो. नववीतील एक मध्यमगती गोलंदाज सीमेवर उभा राहून दर षटकानंतर आमच्याकडे पाहत असे. त्याच्या हाती चेंडू आला तेव्हा प्रतिपक्षास विजयासाठी अवघ्या सहा धावा हव्या होत्या. चूक सर्वस्वी आमची होती. परतताना त्या मुलाने विचारले, "सर, पुढच्या वर्षी मी नुसता बॅटिंगचाच सराव करू का?" त्या वेळी आम्हांस उत्तर सुचले नाही. ते शोधताना ज्या सांगलीकराची आठवण झाली, त्याच्याविषयी हा लेख आहे.

प्रथम या कामाचे स्वरूप पाहू. डावाच्या आरंभी चेंडू नवा, कातडे चकचकीत व शिवण उठावदार असते. म्हणून तो हवेत वळतो व खेळपट्टीवरून उसळतो. पंचवीस-तीस षटकांनंतर ती लकाकी जाते, शिवण दबते, आणि तोवर फलंदाजाची नजरही बसलेली असते. अशा वेळी पहिल्या गोलंदाजांस विसावा देऊन ज्याच्या हाती चेंडू दिला जातो, त्यास टप्पा, दिशा व धीर यांवाचून दुसरे साहाय्य नसते. अमेरिकेतील बेसबॉल या खेळात तर पहिला चेंडूफेक्या थकल्यावर त्याची जागा घेणे हा एक स्वतंत्र पेशाच आहे. हॉइट विल्हेल्म नावाचा गृहस्थ दुसऱ्या महायुद्धात लढून व जखमी होऊन परतला, आणि एकोणतिसाव्या वर्षी, १९५२ मध्ये, तेथील वरिष्ठ संघात प्रथम उतरला. तो १९७२ पर्यंत खेळला. त्याच्या सामन्यांची संख्या १,०७० झाली व निवृत्त होताना त्याची पन्नाशी काही दिवसांवर आली होती. त्यांतील बहुतेक सामन्यांत तो दुसऱ्याने सुरू केलेले काम पुढे नेण्यास गेला होता.

आमचे सांगलीकर म्हणजे विजय सॅम्युएल हजारे. त्यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगलीस, एका शिक्षकाच्या घरी झाला. सांगली तेव्हा पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी होती. दक्षिण सातारा जिल्हा १९४९ मध्ये झाला व त्यास सांगली हे नाव १९६० मध्ये मिळाले. हजारे यांचे नाव घेताच लोकांस त्यांची फलंदाजी आठवते, आणि ते योग्यच आहे. पुण्यास १९३९-४० च्या हंगामात त्यांनी महाराष्ट्रातर्फे बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी करंडकातील ते पहिले त्रिशतक. मार्च १९४७ मध्ये गुल महंमद यांच्यासह त्यांनी बडोद्यासाठी चौथ्या गड्याकरिता ५७७ धावांची भागी रचली. मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत संघ धर्मवार पाडलेले असत. हजारे ख्रिस्ती असल्याने 'रेस्ट' म्हणजे उरलेल्यांच्या संघातून खेळत. (खेळाडूंची ही वाटणी आज विद्यार्थ्यांस चमत्कारिक वाटेल, त्या काळीही अनेकांस ती खटकत होती, आणि १९४६ नंतर ते सामने बंद झाले.) त्या संघाच्या ३८७ धावांपैकी एकदा त्यांनी एकट्याने ३०९ केल्या. बंधू विवेक यांच्याबरोबर ३०० धावांची भागी झाली, तीत विवेक यांचा वाटा २१ धावांचा होता. एक बाजू धरून ठेवणाऱ्या या विवेकरावांविषयी आम्हांस विशेष आदर वाटतो.

परंतु आमच्या प्रश्नाचे उत्तर या धावांत नाही. हजारे मध्यमगतीने उजव्या हाताने गोलंदाजी करीत, आणि कारकिर्दीच्या आरंभी त्यांची गणना गोलंदाजांतच अधिक होई. जत संस्थानात शिकविण्यास आलेले ऑस्ट्रेलियाचे क्लॅरी ग्रिमेट यांचे मार्गदर्शन त्यांस लाभले. ग्रिमेट हे स्वतः तेहतिसाव्या वर्षी पहिला कसोटी सामना खेळले होते व पुढे त्यांनी २१६ बळी मिळविले. हजारे यांची उभे राहण्याची ढब बेढब होती, बॅट दोन पॅडांमध्ये अडकल्यासारखी दिसे. तरी ग्रिमेट यांनी ती बदलू नका असे सांगितले. शिकविणाऱ्याने कोठे हात आवरावा हे आम्हां शिक्षकांस यावरून कळण्यासारखे आहे.

डिसेंबर १९४७ मध्ये सिडनीस पावसाने भिजलेल्या खेळपट्टीवर हिंदुस्थानचा डाव १८८ धावांत आटोपला. मग हजारे यांनी २९ धावांत ४ व दत्तू फडकर यांनी १४ धावांत ३ गडी बाद केले आणि बलाढ्य ऑस्ट्रेलिया १०७ धावांत संपली. डॉन ब्रॅडमन १३ धावांवर असता हजारे यांनी त्यांचा त्रिफळा उडविला. पावसाने तो सामना अनिर्णित राहिला.

पुढच्याच महिन्यातील ॲडलेडचा सामना आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. तेथे ऑस्ट्रेलियाने ६७४ धावा केल्या. ब्रॅडमन यांचा त्रिफळा याही वेळी हजारे यांनीच उडविला, परंतु तेव्हा ब्रॅडमन यांच्या नावावर २०१ धावा लागल्या होत्या. समोरच्याने द्विशतक ओलांडले तरी यष्टीचा नेम सोडावयाचा नाही, हे वर्गात बसून ऐकावयास सोपे वाटते; मैदानात उन्हात पाय ओढत तिसऱ्यांदा गोलंदाजीस येणाऱ्याला विचारावे. एवढे श्रम करून हजारे फलंदाजीस उतरले आणि ११६ व १४५ धावा केल्या. एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले हिंदी खेळाडू ठरले. दुसऱ्या डावात त्यांचे सहा सोबती शून्यावर परतले व सामना एक डाव आणि १६ धावांनी हरला.

आता थोडे गणित. प्रथम श्रेणीच्या २३८ सामन्यांत हजारे यांनी १८,७४० धावा केल्या, सरासरी ५८.३८. डाव ३६७ झाले, मग भागाकार जुळत का नाही? कारण ४६ वेळा ते नाबाद होते व भागावयाचे ते बाद झालेल्या ३२१ डावांनी. गोलंदाजीत ५९५ बळी, प्रत्येकी २४.६१ धावांस. कसोटीत मात्र ३० सामन्यांत २० च बळी, आणि तेही प्रत्येकी ६१ धावांस. हा आकडा झाकून ठेवणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. त्यांच्या कर्णधारपदाविषयीही टीका होत असे. तरी भारताचा पहिला कसोटी विजय, फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासेस, त्यांच्याच नेतृत्वाखाली मिळाला. त्यात विनू मंकड यांनी बारा गडी बाद केले. शेवटचा कसोटी सामना ते १९५३ मध्ये खेळले, पण मैदान सोडले नाही. १९३४-३५ मध्ये सुरू झालेली त्यांची प्रथम श्रेणीची कारकीर्द १९६६-६७ पर्यंत चालली. तेव्हा वयाची पन्नाशी उलटली होती. १९६० मध्ये त्यांस पद्मश्री मिळाली व १८ डिसेंबर २००४ रोजी बडोद्यास त्यांचे देहावसान झाले.

हे सर्व आकडे आम्ही त्या नववीतल्या मुलापुढे मांडले. त्याने ५९५ ला २३८ ने भागले व मान वर करून म्हणाला, "सर, म्हणजे सामन्याला अडीचच?"

"होय, अडीचच," आम्ही म्हणालो. "बत्तीस वर्षे."

जूनपासून तो रोज संध्याकाळी एका यष्टीवर नेम धरून सराव करीत आहे. चेंडू जुनाच दिला आहे. खेळाच्या निधीत तूर्त नव्यापुरते पैसे नाहीत, हेही पालकांच्या कानांवर घालून ठेवतो.