कामाच्या ठिकाणचे नेतृत्व : जामखेडला मिळालेला एक धडा



कॅम्पस इंटरव्ह्यूचे दिवस जवळ आले की आमच्या वर्कशॉपच्या केबिनमध्ये वर्दळ वाढते. "सर, एचआरवाले लीडरशिप क्वालिटीज विचारतात. काय सांगू?" असा प्रश्न घेऊन पोरं येतात आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःच यादी म्हणून दाखवतात. आत्मविश्वास, निर्णयक्षमता, संवादकौशल्य, टीमवर्क. यादी चुकीची आहे असं मी म्हणत नाही. मीही तीच पाठ करून नोकरीला लागलो होतो. पण नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी माझ्या हातून जे घडलं, त्यात यातला एकही शब्द कामाला आला नाही. आज तेच लिहायचं ठरवलं आहे.

गोष्ट २००३ सालची. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी प्रेस शॉपला सुपरवायझर होतो. चार पॉवर प्रेस, अकरा माणसं. डाय सेटिंग मी स्वतः करायचो. शट हाइट किती ठेवायची, पत्रा बदलला की रॅम किती वर घ्यायचा, हे सगळं माझ्या खिशातल्या छोट्या डायरीत होतं. ऑपरेटर बघायचे, पण मी समजावून सांगायचो नाही. विचारलंच कुणी तर "तुम्ही पेडल मारा मामा, सेटिंगचं मी बघतो" असं म्हणायचो. आपल्यावाचून लाइन अडते याचा मला अभिमान वाटायचा. हेच आपलं नेतृत्व, अशी माझी पक्की समजूत होती.

बहिणीच्या लग्नाला तीन दिवस सुट्टी घेतली. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांच्या फोनवर कारखान्यातून निरोप आला की बेंडिंगचा जॉब बदललाय, लवकर या. मी मांडवात चार पाहुण्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "बघा, माझ्याशिवाय हलत नाही तिथं!" आणि गेलो नाही.

तिसऱ्या दिवशी एका ऑपरेटरने, आम्ही सगळे त्यांना मामाच म्हणायचो, स्वतः सेटिंग करून पाहिलं. आधीचा पत्रा २ मिलिमीटरचा होता, नवा ३ मिलिमीटरचा. त्यांनी विचार केला की पत्रा जाड आहे म्हणजे जोर जास्त लागणार. म्हणून रॅम वर घेण्याऐवजी आणखी खाली घेतला. तुम्ही मेकॅनिकलवाले हसाल, पण क्षणभर थांबा. तो स्क्रू फिरवताना त्यांनी मला शंभर वेळा पाहिलं होतं. तो कशासाठी फिरवायचा, हे मी एकदाही सांगितलं नव्हतं. पहिल्याच स्ट्रोकला डाय फुटली. एक तुकडा उडून मामांच्या हाताला लागला. सहा टाके पडले. बोटं वाचली हे नशीब.

मी परत आलो तेव्हा मामांच्या नावे मेमो निघाला होता, 'परवानगीविना मशीनशी छेडछाड'. मेमो हातात देताना मी तिथेच उभा होतो. काही बोललो नाही. ही गप्प राहण्याची गोष्ट मला डाय फुटण्यापेक्षा जास्त लागून राहिली आहे.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी आत्याला आणायला जामखेडला गेलो. नगरपासून पाऊणशे किलोमीटर, जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा दुष्काळी तालुका. आत्याची तपासणी आरोळे डॉक्टरांच्या दवाखान्यात होती, म्हणून मीही सोबत गेलो. दवाखान्याचं नाव ऐकून होतो, बाकी माहिती शून्य. ती पुढे वाचून, विचारून मिळवली. ती आधी सांगतो, म्हणजे मी तिथे काय पाहिलं ते नीट कळेल.

डॉ. रजनीकांत आरोळे हे आपल्या जिल्ह्यातलेच, राहुरीला वाढलेले. ते आणि डॉ. मेबल दोघेही वेल्लोरच्या मेडिकल कॉलेजचे. नेवासा तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काम करताना त्यांच्या लक्षात आलं की तेच ते आजार घेऊन लोक पुन्हा पुन्हा येतात. बरे करून घरी पाठवायचं आणि पुन्हा तेच पाणी, तीच उपासमार. दोघे अमेरिकेला गेले, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९७० साली जामखेडला येऊन समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला.

सुरुवातीला त्यांनी शिकलेल्या नर्सना खेड्यांत पाठवून पाहिलं. ते जमलं नाही. बाहेरून आलेल्या नर्सचं गावात मन रमेना आणि गावातल्या बायका तिच्यापाशी मन मोकळं करेनात. मग गावानेच आपल्यातली एक बाई निवडायची आणि तिला जामखेडला शिकवायचं, असं ठरलं. निवडलेल्या बायका बहुतेक निरक्षर होत्या. पुष्कळशा दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. दर आठवड्याला त्या जामखेडला यायच्या, मुक्कामाला राहायच्या. वेगवेगळ्या जातींच्या बायका एकत्र जेवायच्या, शेजारी शेजारी झोपायच्या. १९७० च्या दशकात हे सोपं नव्हतं. आधी त्या त्या गावात आठवडाभर काय घडलं ते सांगायचं, मग त्यातूनच धडा निघायचा. जुलाबाने पोर सुकलं तर मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं, गरोदर बाईची तपासणी, निर्जंतुक ब्लेडने नाळ कापणं, पोरांची वजनं, कुष्ठरोगाचा चट्टा ओळखणं. आणि प्रत्येक गोष्टीमागचं कारण. मीठ-साखरेचं पाणी द्या, एवढं सांगून ते थांबत नव्हते. जुलाबात अंगातलं पाणी आणि क्षार जातात, ते भरून काढायचे, नुसतं जुलाब थांबवून भागत नाही, हे त्या बाईला समजेपर्यंत शिकवायचे. कारण पुढे गावातली म्हातारी "जुलाबात पाणी पाजू नये" म्हणणार, तेव्हा तिला उत्तर देता आलं पाहिजे.

इथे एक गोष्ट निसटू देऊ नका. सगळंच देऊन टाकलं असं नाही. शस्त्रक्रिया डॉक्टरांकडेच राहिली. अडलेली बाळंतीण कधी ओळखायची आणि वेळ न घालवता जामखेडला कधी पाठवायची, हाही शिकवण्याचाच भाग होता. आपली हद्द कुठे संपते हे माहीत असणं हेसुद्धा ज्ञानच, आणि तेही वरच्याने खालच्याला द्यावं लागतं. ते न देता नुसतं "हात लावू नका" म्हटलं की काय होतं, ते मामांच्या हातावर दिसत होतं.

या पद्धतीचा परिणाम आकड्यांत नोंदला गेला आहे. १९७१ च्या सुमारास प्रकल्पाच्या गावांत हजार जन्मांमागे १७६ बालकं वर्षाच्या आत दगावत होती. १९७६ पर्यंत हे प्रमाण ५२ वर आलं, नव्वदच्या दशकाअखेर तिशीच्या आत. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने लोकांच्या हातातल्या आरोग्यसेवेवर जे पुस्तक काढलं, त्यात जामखेडचा समावेश होता. १९७९ मध्ये आरोळे पतिपत्नीला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ साली गेल्या, डॉक्टर २०११ साली. काम मात्र थांबलं नाही.

आता मी काय पाहिलं ते. आत्याचा नंबर यायला वेळ होता, म्हणून आवारात फिरत होतो. एका हॉलमध्ये सतरंजीवर पंधरा-वीस माणसं बसलेली, त्यात तीन-चार परदेशी. शिकायला आलेले डॉक्टर असावेत. आणि समोर नऊवारीतली, कपाळावर गोंदण असलेली एक बाई गरोदर बाईच्या पायाची सूज कशी बघायची ते सांगत होती. शेजारी एकजण इंग्रजीत भाषांतर करत होता. पांढरा कोट घातलेले एक डॉक्टर दाराशी उभे राहून ऐकत होते. मध्येच बोलले नाहीत, सुधारलं नाही. मी खिडकीपाशी उभा. खिशात डायरी होती.

खरं सांगतो, त्या क्षणी फार काही उदात्त वगैरे वाटलं नाही. लाज वाटली. डॉक्टरकीचं ज्ञान, ज्याच्यावर माणसाची सगळी प्रतिष्ठा उभी असते, ते या लोकांनी सतरंजीवर मांडून ठेवलं होतं. आणि मी एका स्क्रूचं रहस्य जपत होतो!

सोमवारी कामावर गेल्यावर साहेबांना सांगितलं की चूक माझी होती, मामांना सेटिंग कधी शिकवलंच नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं. मेमो काही फाइलमधून निघाला नाही. मामांनाही सांगितलं. ते नुसतं "असू द्या साहेब" म्हणाले. माझ्या मनात ते अजून मिटलेलं नाही.

मग डायरीतली सेटिंग्ज मराठीत एका मोठ्या वहीत उतरवली. प्रत्येक जॉबला एक पान, आकडा आणि त्याच्यापुढे कारण. कुठल्या गोष्टीला ऑपरेटरने हात लावायचा नाही, तेही कारणासह, जसं की क्लच-ब्रेकचं अॅडजस्टमेंट. वही प्रेसजवळच्या खिळ्याला टांगली. चार दिवस कुणी हात लावला नाही. मग मामाच आले. वही चाळली आणि म्हणाले, "साहेब, पत्र्याची जाडी तुम्ही बंडलावरची चिठ्ठी बघून लिहिली. एकाच बंडलात फरक येतो. मला हाताला कळतो." मायक्रोमीटर आणून मोजलं. खरोखरच फरक होता, आणि तो दोन वर्षं माझ्या लक्षात आला नव्हता. त्यांना मायक्रोमीटर वाचता येत नव्हता, तो मी शिकवला. मेन स्केल, थिंबल, झीरो एरर. चहाच्या सुट्टीतले चार-पाच दिवस गेले. पानावर 'बंडल उघडल्यावर जाडी मोजणे' ही ओळ वाढली, ती मामांच्या अक्षरात आहे.

आपल्या हॉस्टेलवर फेरी मारली तरी माझी ती डायरी जागोजागी दिसते. मेसचा हिशेब एकालाच कळतो, गॅदरिंगच्या मांडववाल्याचा नंबर एकाकडेच असतो, चौघांच्या प्रोजेक्टचा कोड एकाच्याच लॅपटॉपवर असतो आणि व्हायवाच्या आदल्या रात्री तोच तापाने फणफणतो. ग्रुप लीडर म्हणून त्याचंच नाव असतं, हे वेगळं सांगायला नको. मी प्राध्यापकांनाही सोडत नाही. आमच्याकडच्या एका लेथची खुबी अजून एकाच माणसाला माहीत आहे, आणि तो माणूस मी नाही, एवढंच समाधान.

त्या वर्षी दिवाळीला चार दिवस गावी गेलो. कारखान्यातून फोन आला नाही. पहिल्या दिवशी बरं वाटलं, दुसऱ्या दिवशी थोडं चुकल्यासारखं झालं. तिसऱ्या दिवशी राहवेना, तेव्हा एसटी स्टँडवरच्या पीसीओवरून मीच फोन लावला. प्रेस शॉपला मामांनी उचलला. मागे प्रेसचा ठोका ऐकू येत होता.

"काय साहेब, काही काम होतं का?" मामांनी विचारलं.