दगडावर उतरलेले नाटक

वर्धा, आर्वी, हिंगणघाट येथील जुन्या घरांत आजोबांच्या वेळची उर्दू पुस्तके अजून सापडतात. तुमच्याही घरी असेल तर एक उघडून पाहा. अक्षरे छापील वाटत नाहीत. कातिबाने आत्ताच बोरूने लिहिली असावीत अशी वाटतात. ती खरोखरच हाताने लिहिलेली आहेत आणि तरीही त्या पुस्तकाच्या शेकडो प्रती निघाल्या आहेत. ही किमया शिळाछापाची, म्हणजे लिथोग्राफीची.

गंमत अशी की ही कला एका नाटकवाल्याने शोधली. जर्मनीतील आलोइस सेनेफेल्डर हा एका नटाचा मुलगा. तो स्वतः नाटके लिहीत असे. पण ती छापण्यापुरते पैसे त्याच्याजवळ नव्हते. १७९६ साली आईने त्याला धुण्याच्या कपड्यांची यादी लिहायला सांगितली. हाताशी कागद नव्हता, म्हणून त्याने मेणाच्या शाईने ती दगडावरच लिहिली. त्यातून प्रयोग करता करता दोन वर्षांत त्याला ही रीत सापडली.

रीत सोपी आहे. पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, एवढेच तिचे रहस्य. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने चित्र काढतात. मग दगड ओला करून त्यावर तेलकट शाईचा रूळ फिरवतात. शाई फक्त रेघांना चिकटते. ओली जागा तिला दूर ठेवते. वर कागद ठेवून दाबला की चित्र उमटते, मात्र उलटे! म्हणून चित्रकाराला आधीच उलटे काढावे लागे. आपले कातिब चतुर. ते खास कागदावर सरळ लिहीत आणि मग तो कागद दगडावर उतरवीत.

फ्रान्समध्ये या दगडाने नाटकाला मोठी साथ दिली. फ्रेदेरिक लमेत्र हा पॅरिसचा नामवंत नट. १८२३ साली त्याला रोबेर माकेर नावाच्या चोराची गंभीर भूमिका मिळाली. त्याने फाटका कोट घातला, टोपी तिरपी केली आणि ती भूमिका विनोदी करून टाकली. प्रेक्षक पोट धरून हसले. पुढे १८३४ मध्ये त्याच चोरावर नवे नाटक आले. पण त्यात सरकारची टिंगल दिसू लागली आणि १८३५ मध्ये ते बंद झाले. तेव्हा ओनोरे दोमिए या चित्रकाराने माकेरला दगडावर घेतले. यापूर्वी राजाचे व्यंगचित्र काढल्याबद्दल दोमिए तुरुंगात जाऊन आला होता! १८३६ पासून त्याचा माकेर कधी वकील, कधी डॉक्टर होऊन लोकांना फसवू लागला. रंगमंचावर बंदी आली, पण लमेत्रचा तो ऐटबाज चोर घरोघर पोचला.

आपल्याकडे १८७८ साली पुण्यात चित्रशाळा छापखाना निघाला. देवादिकांची रंगीत शिळाछाप चित्रे तेथून गावोगाव जाऊ लागली. त्याच शहरात १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगले. पुढे त्यांच्या मंडळीत भाऊराव कोल्हटकर आले. स्त्रीभूमिका करणाऱ्या या गायकनटाच्या गळ्यावर महाराष्ट्र लुब्ध होता. १९०१ मध्ये भाऊराव वारले. ग्रामोफोन कंपनीने भारतात गाणी मुद्रित करायला सुरुवात केली ती १९०२ मध्ये. दगड रूप धरून ठेवी, पण आवाज नाही.